पत्र्याची भिंत आणि मध्यरात्रीचा बास्केटबॉल

अमेरिकेत सीमा सुरक्षेची नवी घोषणा झाली की निम्मा देश नाक मुरडतो. शहरातल्या पोरांसाठी एखादी योजना निघाली की उरलेला निम्मा. दोन्हीकडच्या अविश्वासाची मुळं खणत गेलं तर १९९४ सालापाशी येऊन थांबावं लागतं.

त्या वर्षी बिल क्लिंटन यांचं गुन्हेगारीविरोधी विधेयक संसदेत होतं, खर्च सुमारे ३३ अब्ज डॉलर. त्यात रात्रीच्या क्रीडास्पर्धांसाठी जेमतेम ४ कोटींची तरतूद होती, पण गाजली तीच. ‘पोलिसांऐवजी बास्केटबॉल’ अशा सुरात विरोधकांनी टर उडवली. ११ ऑगस्टला विधेयक चर्चेला घेण्याचा प्रस्तावच २१० विरुद्ध २२५ मतांनी पडला. क्लिंटन यांच्याच पक्षाचे ५८ जण विरोधात गेले. त्यातल्या अनेकांना खरं तर विधेयकातली काही बंदुकांवरची बंदी टोचत होती, पण बंदुकीची बाजू घेण्यापेक्षा चेंडूला हसणं सोपं.

ज्या कल्पनेला हसले, ती मुळात काटकसरी होती. मेरिलँडमधल्या ग्लेनार्डन गावात जी. व्हॅन स्टँडिफर यांनी १९८६ मध्ये ती सुरू केली. सामने रात्री दहा ते दोन, म्हणजे पोरं एरवी नाक्यावर उभी असतात त्याच वेळेत. पोलीस हजर, आणि खेळायचं तर मार्गदर्शन वर्गाला बसणं सक्तीचं. १९९१ मध्ये रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी याच उपक्रमाचा गौरव केला होता. तीन वर्षांत त्यांच्याच पक्षाला तो विनोद वाटू लागला!

खर्च छाटून विधेयक मंजूर झालं आणि १३ सप्टेंबरला सही झाली. पुढच्या अठरा दिवसांत मेक्सिकोच्या सीमेवरच्या सॅन दिएगोला ‘ऑपरेशन गेटकीपर’ सुरू झालं, म्हणजे चोरून सीमा ओलांडणाऱ्यांना रोखण्याची मोहीम. तिथलं कुंपण आधीच उभं होतं, व्हिएतनाम युद्धाच्या काळातल्या तात्पुरत्या धावपट्ट्यांच्या लोखंडी पत्र्यांचं. पत्रे बसवले आडवे, त्यामुळे त्यांच्या खाचा चढणाऱ्याला आयत्या पायऱ्या झाल्या. पहारा वाढला तशी माणसं पूर्वेला सरकली, ॲरिझोनाच्या वाळवंटाकडे.

मग त्या वाळवंटातही बंदोबस्त हवा झाला. २००६ मध्ये बोइंगला कंत्राट मिळालं: मनोरे, कॅमेरे, रडार. वाऱ्याने झुडूप हललं किंवा पाऊस आला तरी रडार गोंधळायचं. जानेवारी २०११ मध्ये सरकारने प्रकल्प गुंडाळला तेव्हा सुमारे १ अब्ज डॉलर खर्चून ५३ मैलांवर यंत्रणा उभी होती. मेक्सिकोलगतची सीमा आहे १,९५४ मैलांची. ‘भिंतीचे पैसे मेक्सिको देईल’ हे ट्रम्प यांचं वाक्य २०१६ मध्ये गाजलं, तोवर असल्या वाक्यांवर हसायची सवय अनेकांना लागली होती.

पोरांच्या योजनांनीही संशयाला खतपाणी घातलंच. इलिनॉयमध्ये गव्हर्नर पॅट क्विन यांनी ऑक्टोबर २०१० मध्ये, निवडणूक तोंडावर असताना, शिकागो परिसरासाठी हिंसा रोखण्याचा कार्यक्रम आणला. ५ कोटी ४५ लाख डॉलर. त्यातून काही पोरांना पत्रकं वाटण्याची मजुरी मिळाली. २०१४ च्या लेखापरीक्षणाने नियोजन आणि हिशेब या दोन्हींतली भोकं दाखवली. इथे नाक मुरडणारे बरोबर होते, हे मान्य करायला हवं.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्याच शिकागोतला दुसरा हिशेब छापून आला. हिंसाग्रस्त भागांतल्या १३ शाळांमधली १,६३४ मुलं, आणि २०१२ च्या उन्हाळ्यात आठ आठवड्यांचं काम कुणाला द्यायचं ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलेलं. काम मिळालेल्यांमध्ये हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका १६ महिन्यांत ४३ टक्क्यांनी कमी भरल्या. चोऱ्यामाऱ्यांत मात्र तसा फरक दिसला नाही.