शॉक ‘बॉटम’ होतोय की ‘पॅक’?

उडी मारून उतरलात आणि मागून ‘धाड्’ असा दणका थेट कमरेत बसला, की हात आपसूक कम्प्रेशनच्या, म्हणजे शॉक दबण्याचा वेग आवरणाऱ्या, स्क्रूकडे जातो. जरा थांबा. डर्ट बाइकच्या मागच्या शॉकचा (शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा) असा दणका दोन वेगळ्या कारणांनी बसतो, आणि ते न ओळखता स्क्रू फिरवला तर रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

खरं बॉटम होणं म्हणजे एकच मोठा आघात, बहुतेक वेळा सपाटीवर पडलेली उडी. मोठ्या मोटोक्रॉस बाइकच्या मागच्या चाकाला साधारण 300 मिमी हालचाल असते. ती सगळी संपते, शॉकच्या दांड्यावरचा रबरी बम्प स्टॉप चेपला जातो आणि उरलेला धक्का सरळ चेसिसला लागतो. पुढच्या क्षणी बाइक पुन्हा ठीक चालते.

पॅक होणं दिसतं ते ओळीने आलेल्या उंचवट्यांवर. पहिले दोन-तीन आरामात निघून जातात. चौथ्या-पाचव्याला मागचा भाग खाली बसलेला असतो आणि दगडासारखा लागतो. रिबाउंड (दबल्यावर पुन्हा उघडणं) फार हळू असल्यामुळे दबलेला शॉक पुरता उघडायच्या आतच पुढचा धक्का येतो. दर धक्क्याला हालचाल थोडी थोडी खाल्ली जाते आणि शेवटी हाही शॉक तळाला टेकतो. फसगत होते ती इथेच. अशा वेळी कम्प्रेशन आवळलं तर बाइक आणखी कडक लागते, मूळ दुखणं तसंच राहतं. रिबाउंडचा स्क्रू एकेक क्लिक (एकेक टप्पा) उघडा आणि दर वेळी तोच पट्टा पुन्हा चालवून बघा.

उलटी चूक माझ्या मते जास्त धोक्याची. उडीवर बॉटम होणाऱ्या शॉकचं रिबाउंड सैल केलं, तर पूर्ण दबलेली स्प्रिंग सीट अशी वर उसळवते की चालक हँडलवर जाऊन आदळू शकतो.

बॉटमिंगसाठी सुरुवात सॅगपासून, म्हणजे वजनाने बाइक किती खाली बसते त्यापासून, करा. हेल्मेट-बुटांसकट बसल्यावर मागचा भाग सुमारे 100 ते 105 मिमी खाली यावा, नुसत्या बाइकच्या वजनाने 30 ते 40. पहिला आकडा जुळवताना प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) इतका आवळावा लागला की दुसरा 20 च्याही खाली गेला, तर स्प्रिंगच तुमच्या वजनाला मऊ आहे. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त बाइक मागून उचलली जाते. हा गैरसमज फार खोल रुजलेला आहे. स्प्रिंग योग्य असेल तरच हाय-स्पीड कम्प्रेशनचा नट थोडा आवळा. यातला ‘स्पीड’ बाइकचा नाही, शॉकच्या दांड्याचा, त्यामुळे हळू चालवतानाही तो लागू पडतो. सगळ्यात मोठ्या उडीवर शॉक एखाद्या वेळी हलकासा टेकला तर टेकू द्या.

आणि सुरुवातीला सगळं छान, पंधरा-वीस मिनिटांनी दणके सुरू, असं होत असेल तर एकही क्लिक फिरवू नका. तेल तापून पातळ होतंय. शॉक उघडून तेल बदलायची आणि आतल्या नायट्रोजन वायूचा दाब तपासायची वेळ झाली आहे.