शॉवर निवडण्याआधी बादली भरून पाहा

शॉवर बदलायचा म्हटलं की नजर आधी आकाराकडे आणि चकाकीकडे जाते. आमचं ग्राहकांना कळकळीचं सांगणं आहे की आधी आपल्या घरचं पाणी पाहा. पाइपातून जेवढं पाणी येतं, त्याहून जास्त कोणताही शॉवर देऊ शकत नाही. हे एकदा लक्षात आलं, की स्वस्तातला शॉवरही मनासारखा मिळतो.

जुना शॉवर काढा, आर्मखाली (भिंतीतून आलेल्या, शॉवर लागतो त्या नळीखाली) 10 लिटरची बादली धरा आणि कॉक पूर्ण उघडून वेळ मोजा. बादली मिनिटभरात भरली, तर निवडीला भरपूर वाव आहे. दोन मिनिटांहून जास्त वेळ लागला, तर 3-4 इंची, बारीक छिद्रांचा शॉवरच घ्या. शॉवर लावल्यावर हा प्रवाह आणखी थोडा घटतो, तेही हिशेबात धरा.

मोठ्या रेन शॉवरबद्दल सर्वांत जास्त तक्रारी येतात, म्हणून थोडं सविस्तर. 4 इंची शॉवरऐवजी 8 इंची लावला, की तेच पाणी चौपट जागेवर पसरतं. धारेतला जोर जातो आणि कडेच्या छिद्रांतून नुसतं ठिबकतं. टाकीवरून पाणी येत असेल, तर दाब टाकीच्या उंचीवर ठरतो: 10 मीटरला साधारण 1 बार. सर्वांत वरच्या मजल्यावर टाकीतलं पाणी शॉवरपेक्षा जेमतेम 3 मीटर उंच असेल, तर दाब 0.3 बारच मिळणार. अशा घरात पाकिटावर ‘किमान दाब 1 बार’ लिहिलेला शॉवर, कितीही देखणा असला तरी, घेऊ नका. पंप बसवायचा नसेल तर छोटा शॉवरच तिथे सुख देतो.

गरम पाण्याचाही विचार करा. 15 लिटरच्या गीझरमधलं 60 अंशांचं पाणी 20 अंशांच्या पाण्यात मिसळलं, तर 40 अंशांचं सुमारे 30 लिटर पाणी होतं. मिनिटाला 10 लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली ते तीन मिनिटांत संपेल, 6 लिटरच्या शॉवरखाली पाच मिनिटं पुरेल. घरात माणसं जास्त असतील तर हा फरक रोज जाणवतो. मात्र गॅस गीझरला पेटण्यापुरता प्रवाह लागतो. फार कमी पाणी सोडणारा शॉवर लावला तर गीझर मध्येच विझू शकतो.

धातूचाच हवा, असा हट्ट नको. क्रोमचा मुलामा दिलेला चांगला एबीएस प्लॅस्टिकचा शॉवर हलका असतो, गंजत नाही. पितळ आणि स्टेनलेस स्टील टिकाऊ खरं, पण वजनदार. जुन्या आर्मवर भार येतो. पाण्यात क्षार असतील तर पैसे धातूपेक्षा सिलिकॉनच्या मऊ नोझलवर खर्च करा. अंगठा फिरवला की साचलेले क्षार सुटतात. कडक छिद्रांचा शॉवर तुंबला तर पाणी आणि व्हिनेगर निम्मं-निम्मं घेऊन त्यात अर्धा तास बुडवा, मग जुन्या टूथब्रशने घासून धुवा. संडास साफ करायचं अ‍ॅसिड मुळीच वापरू नका, मुलामा निघून येतो.

पाण्याचे पाच-सहा प्रकार देणारे शॉवर आम्ही विकतो, पण बहुतेकांच्या रोजच्या वापरात एकच राहतो. त्यापेक्षा लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर हँड शॉवर घ्या. बसून आंघोळ करता येते, बाथरूम धुवायलाही सोपं जातं.

बसवणं घरीही जमतं. बहुतेक ठिकाणी अर्धा इंची आटे असतात, तरी जुना शॉवर सोबत आणा, जुळवून देऊ. काढताना एका हाताने आर्म घट्ट धरा. तो फिरला तर भिंतीच्या आतला जोड सुटून गळती लागते. नवा लावण्याआधी थोडं पाणी वाहू द्या, म्हणजे पाइपातला गाळ जाळीत अडकणार नाही. जुनी टेफ्लॉन टेप काढून नवी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा, वॉशर जागेवर असल्याची खात्री करा आणि हातानेच आवळा. गळलंच, तर फडकं गुंडाळून पान्याने किंचित आवळा.

कॉक बंद केल्यावर थोडा वेळ थेंब पडले तर घाबरू नका, ते शॉवरमध्ये उरलेलं पाणी असतं. तासाभरानंतरही ठिबकत असेल, तर दोष कॉकमध्ये आहे. शॉवर परत आणण्याआधी कॉकचा वॉशर किंवा कार्ट्रिज तपासून घ्या.