दोन सूत, चार सूत आणि चौथी तार

दीड टनाचा स्प्लिट एसी लावायला निघालेला फिटर दुकानात ‘दोन सूत आणि चार सूत’ तांब्याचा पाइप मागतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार-गवंड्यांचं माप, एसीच्या धंद्यात तसंच उतरलं. ‘टन’ आला बर्फाच्या जमान्यातून. अमेरिकन टनभर, म्हणजे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो तो एक टन, ताशी १२,००० बीटीयू (उष्णता मोजायचं इंग्रजी एकक) किंवा साधारण ३.५ किलोवॅट. १८३३ मध्ये बोस्टनहून कलकत्त्याला आणि पुढच्याच वर्षी मुंबईला जहाजाने बर्फ येऊ लागला, तेव्हा थंडावा खरोखरच वजनावर विकला जात होता.

१९६१ साली तोशिबाने जपानमधला पहिला स्प्लिट बाजारात आणला. आवाज करणारा कॉम्प्रेसर बाहेर, गार करणारी कॉइल आत. १९६८ मध्ये मित्सुबिशी इलेक्ट्रिकने लांबट नळकांड्यासारखा पंखा वापरून आतलं युनिट भिंतीवर चढवलं; आज घराघरांत दिसणारा आकार तोच. पण या सोयीबरोबर एक जबाबदारीही आली. विंडो एसीत गार करणाऱ्या गॅसचा मार्ग कारखान्यातच डाग देऊन बंद होतो. स्प्लिटमध्ये दोन युनिटांना जोडणाऱ्या पाइपांचे शेवटचे चार जोड, दोन आत आणि दोन बाहेर, तुमच्या भिंतीशी उभं राहून फिटर करतो. एसी सहा महिन्यांत ‘गॅस गेला’ म्हणून बसला, तर आधी हे चार नट बघावेत. गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहेच, आणि गळती न शोधता गॅस भरणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

जोड करायची रीत ठरलेली आहे. पाइप कटरने कापायचा, करवतीने नाही. कडेची धार काढताना पाइपचं तोंड खाली धरायचं, नाहीतर तांब्याचा कीस आत पडतो आणि पुढे बारीक नळीत अडकतो. नट आधी ओवायचा (हे विसरणारे रोज भेटतात), मग ४५ अंशांचा फ्लेअर काढायचा, म्हणजे पाइपचं तोंड कर्ण्यासारखं पसरवायचं. फ्लेअरची कड सगळीकडे सारख्या रुंदीची हवी, चीर नको. नट हाताने पूर्ण बसवून मग दोन पान्यांनी आवळायचा. आवळण्याचा जोर दोन सुती नटाला १४ ते १८ न्यूटन-मीटर, चार सुतीला ५० ते ६०. ‘अजून थोडा दाब’ म्हणत जोर लावला की फ्लेअर पातळ होतो आणि कॉम्प्रेसरच्या थरथरीने काही महिन्यांनी तडकतो. नटाभोवती तेलाचा ओशट डाग दिसला की समजावं.

जुन्या एसींत असलेल्या आर-२२ गॅसच्या काळात पाइपांतली हवा काढायला एक सोपी युक्ती होती. बाहेरच्या युनिटचा व्हॉल्व्ह किंचित उघडायचा, आतला थोडा गॅस पाइपांतून फिरवायचा आणि ढिल्या नटातून फुस्स करून सोडायचा. खनिज तेल आणि आर-२२ ही जोडी तेवढं चालवून घेत असे. पण आर-२२ ओझोनच्या थराला खातो. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर त्याचे दिवस भरत आले. त्याच्या जागी आधी आर-४१०ए आणि मग आर-३२ आला. दोन्हींचा दाब आर-२२ च्या सुमारे दीडपट. त्यामुळे जपानी मापांत चार सुती नटाची रुंदीही २४ मिमीची २६ मिमी झाली. त्यांच्यासोबतचं कृत्रिम तेल ओलावा शोषतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसरचं वाइंडिंग जळतं. म्हणून हवा आणि ओलावा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप लावलाच पाहिजे. दाब मोजणाऱ्या साध्या गेजचा काटा मिनिटभरात तळाला जातो, पण पाइपात पाणी उरलं आहे की नाही ते तो सांगत नाही. निर्वात किती खोल आहे ते दाखवणाऱ्या मायक्रॉन गेजवर ५०० च्या खाली जाऊन, पंप बंद केल्यावरही आकडा तिथेच टिकला तर काम झालं.

तरी हात जुन्या सवयीने चालतो. आर-२२ वर एसी चालू असताना गेजवर ६५ पीएसआय (दाबाचं एकक) म्हणजे सगळं ठीक. तोच आकडा आर-३२ च्या यंत्रावर दिसला तर गॅस बराच कमी आहे. तिथे साधारण १२० ते १४० हवेत. शिवाय आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, खोलीत फुस्स करायचा गॅस नव्हे. त्याहून ज्वलनशील प्रोपेन, म्हणजे आर-२९०, गोदरेजने २०१२ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या कारखान्यातून घरगुती स्प्लिटमध्ये आणला. गॅस चारशे ग्रॅमच्या आतच, आणि जोडणी प्रशिक्षित माणसाकडूनच.

विजेची गोष्टही दोन काळांची. साधा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या चार-सहा पट करंट ओढतो. जुन्या इमारतींत ट्यूबलाइट मिचकावते ती याने. तिथली ‘तीन-बावीस’ वायर, म्हणजे २२ गेजच्या तीन तारा, जेमतेम १.२ चौरस मिमीची. तिच्यावर एसी चालवणं म्हणजे प्लास्टरच्या आत शेगडी ठेवणं. दीड टनाला बोर्डापासून स्वतंत्र ४ चौरस मिमी तांब्याची वायर, २० अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी (सुरुवातीचा झटका सोसणारा, पण जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग हवं. बी-कर्व्ह एमसीबी त्या सुरुवातीच्या झटक्यालाच पडू शकतो.

तोशिबाने १९८१ मध्ये घरगुती इन्व्हर्टर एसी आणला आणि तो झटका गेला, कारण कॉम्प्रेसर हळूहळू वेग घेतो. भारतात जानेवारी २०१८ पासून साधे आणि इन्व्हर्टर एसी तारांकनाच्या एकाच पट्टीवर मोजले जाऊ लागले, तेव्हापासून दुकानात बहुतेक इन्व्हर्टरच दिसतात. साध्या एसीत आतलं युनिट रिलेतून, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमधून, कॉम्प्रेसरला चालू-बंद एवढंच सांगत असे. आता दोन्ही युनिटं सतत बोलतात, म्हणून फेज, न्यूट्रल आणि अर्थच्या जोडीला चौथी तार लागते, सिग्नलची. हा सिग्नल बहुधा न्यूट्रलच्या आधाराने जातो. त्याच तारा आतल्या टर्मिनलांवर १-२-३ आणि बाहेर २-१-३ अशा जोडल्या की पंखा फिरतो, डिस्प्ले लागतो, आणि दोन-तीन मिनिटांत संवाद तुटल्याचा एरर कोड येतो. मग गॅस तपासला जातो, पीसीबीला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाटीला, दोष दिला जातो. आधी मेन बंद करून पाच मिनिटं थांबावं, कारण बाहेरच्या पीसीबीवरच्या कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर डीसी उरलेला असतो. मग दोन्ही टोकांचे रंग टर्मिनलच्या आकड्यांशी लावून बघावेत. केबलला मध्येच टेप गुंडाळून सांधा दिलेला आढळला तर तोही काढून अखंड केबल टाकावी.