पार्श्वभूमी: कॉम्प्युटरच्या डब्याला 'सीपीयू' म्हणायची सवय आली कुठून

खान्देशात कॉम्प्युटरचे बरेच शब्द कॉम्प्युटर यायच्या आधीच येऊन बसलेले होते. जळगाव, धुळे, अमळनेर, चोपडा, कुठल्याही तालुक्याच्या गावी स्टँडजवळ एखाद्या माडीवर टायपिंग इन्स्टिट्यूट असायचीच, दहावी झाली की सुट्टीत तीसची, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा द्यायची, जमलं तर चाळीसची, त्यामुळे शिफ्ट, टॅब, बॅकस्पेस, मार्जिन हे शब्द पोरापोरींच्या बोटांत होते. शिफ्टला शिफ्ट का म्हणतात हे तिथे डोळ्याने दिसायचं, कळ दाबली की मशीनचा आतला सांगाडा खरंच सरकायचा. रिटर्न म्हणजे डाव्या हाताने दांडी ढकलून कॅरेज परत जागेवर आणणं. आता कीबोर्डवर काही सरकत नाही की परत येत नाही, पण शब्द तेच राहिले, आणि ज्यांनी टाइपरायटर बघितलेलाच नाही त्यांना ते पाठ करावे लागतात.

'संगणक' या शब्दावर फार वेळ घालवत नाही. गणक म्हणजे हिशेब करणारा, ज्योतिष सांगणारा माणूस, त्याच्यावरून संगणक. इंग्रजीतही कॉम्प्युटर म्हणजे आधी आकडेमोड करणारा माणूसच होता, मशीनला ते नाव नंतर मिळालं, म्हणजे आपला शब्द काही वाईट नाही. गणकांचं म्हणाल तर चाळीसगावजवळ पाटण्याच्या देवळातल्या शिलालेखात १२०७ सालच्या देणगीची नोंद आहे, एका मोठ्या गणितीचे ग्रंथ शिकवायला त्याच्या नातवाने मठ काढला त्या मठासाठी दिलेली. तो गणिती म्हणजे भास्कराचार्य, हे चाळीसगावच्या शाळेतलं पोरगंही सांगेल. तर संगणक हा शब्द पुस्तकात, शासकीय पत्रात आणि क्लासच्या पाटीवर राहिला, तोंडात कॉम्प्युटर राहिला, दोघांचं भांडण कधी झालंच नाही.

भांडण झालं ते बँकेत, आणि तेही शब्दावरून कमी, नोकऱ्या जातील म्हणून जास्त. १९८३ मध्ये बँकांचा आणि युनियनवाल्यांचा मशिनं आणण्याबद्दल करार झाला, त्यानंतर शाखांमध्ये जी मशिनं यायला लागली त्यांचं नाव होतं ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन, म्हणजे एएलपीएम. खातेवही लिहिणारं मशीन. आत काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं, पण नावात कॉम्प्युटर नको. आपल्याकडे साध्या माणसाने पहिला कॉम्प्युटर पाहिला तो अशाच एखाद्या काउंटरमागे, नाहीतर भुसावळला रिझर्व्हेशनच्या खिडकीआड, पाठमोरा. त्याला नुसतं 'मशीन' म्हणायचे. 'मशीन बंद आहे, उद्या या' हे वाक्य तेव्हापासूनचं.

मग क्लास निघाले. टायपिंगवाल्यांनीच शेजारच्या खोलीत दोन पीसी टाकले, खिडकीला काळी काच, एसी, आणि दाराबाहेर चपलांचा ढीग. धूळ जाऊ नये म्हणून चपला बाहेर काढायच्या हे ठीकच, पण आत गेल्यावर सर पहिलं वाक्य बोलायचे 'आता बूट करा', म्हणजे कॉम्प्युटर चालू करा, त्यावर दर बॅचला एक तरी जण पायाकडे बघायचा. शिकवायचे ते डॉस, वर्डस्टार, लोटस, नंतर विंडोज ९५ आणि ९८. सव्वापाच इंची फ्लॉपी वाकायची आणि साडेतीन इंची कडक असायची, म्हणून त्या कडक फ्लॉपीलाच हार्ड डिस्क (जी खरी डब्याच्या आत असते) समजणारे मी कमीत कमी पन्नास बघितलेत, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीचे दोन महिने त्यात मीही होतो. २००१ नंतर एमएस-सीआयटी सुरू झाली, नोकरदारांना ती करावीच लागली, पन्नाशीचे मास्तर आपल्याच विद्यार्थ्याच्या क्लासमध्ये बाजूच्या खुर्चीवर येऊन बसले. आज जिल्ह्यात जे शब्द बोलले जातात ते बहुतेक त्या चार-सहा वर्षांत पक्के झाले, आणि त्यातलाच सगळ्यात घोळाचा शब्द सीपीयू, म्हणजे सेंट्रल प्रोसेसिंग युनिट.

घोळ असा. पुस्तकात लिहिलेलं, सीपीयू म्हणजे संगणकाचा मेंदू, इनपुट घेतो, प्रक्रिया करतो, आउटपुट देतो. परीक्षेत हेच विचारायचे, मार्कही यालाच. आणि टेबलाखाली जो उभा पत्र्याचा डबा, त्याच्यावर क्लासवाल्याने पांढरी चिकटपट्टी लावून लिहिलेलं 'सीपीयू ४'. आता पोराने काय समजायचं? मेंदू म्हणजे हा अख्खा डबा, की डब्यातलं काहीतरी? हुशार पोरगं असेल तर विचारायचं, सर मग याच्यात पंखा कशाला, मेंदूला पंखा असतो का. सर म्हणायचे, गरम होतो ना. उत्तर चूक नव्हतं, पण प्रश्न वेगळा होता.

नंतर शहाणे लोक आले, पुण्याहून शिकून आलेले, त्यांनी सांगायला सुरुवात केली की डब्याला सीपीयू म्हणणं हे अडाणीपणाचं लक्षण आहे, त्याला कॅबिनेट म्हणा नाहीतर सिस्टिम युनिट म्हणा, सीपीयू म्हणजे आतली लहानशी चिप. तांत्रिकदृष्ट्या त्यांचं बरोबर आहे. पण इतिहास बघितला तर आमचे क्लासवाले अगदीच चुकलेले दिसत नाहीत, उलट जरा उशिरा आलेले दिसतात. सेंट्रल प्रोसेसिंग युनिट हा शब्द ज्या काळात रुळला त्या काळात, म्हणजे १९५० आणि ६० च्या दशकात, ते युनिट खरंच कपाटाएवढं असायचं. मोठ्या मेनफ्रेम मशिनांची कपाटं रांगेने उभी, एकात टेप, एकात छपाईची जोडणी, आणि एक कपाट सीपीयूचं. तेव्हा बोट दाखवून 'हा सीपीयू' म्हणता यायचं, आणि तो उघडायला दार असायचं. १९७१ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या मायक्रोप्रोसेसरने, २३०० ट्रान्झिस्टर, म्हणजे इवलेसे स्विच, एका चिपवर, ते सगळं कपाट हळूहळू बोटाच्या पेरावर आणून ठेवलं. वस्तू आकसली, नावाला कोणी सांगितलं नाही. १९८१ चा जो प्रसिद्ध आयबीएम पीसी, त्याच्या कंपनीने डब्याला रीतसर सिस्टिम युनिट असं नाव दिलेलं होतं, पण ते नाव कागदावरच राहिलं. आणि हे फक्त आपल्याकडे झालं असंही नाही, इंग्रजी बोलणाऱ्या देशांतही लोक डब्याला सीपीयू म्हणायचे, काही जण तर हार्ड ड्राइव्ह म्हणायचे, म्हणजे आपल्याहून पुढचं.

आपल्याकडे मात्र त्या शब्दाला एक वेगळा आधार मिळाला, तो म्हणजे बिल. असेंबल केलेला कॉम्प्युटर विकताना दुकानदार पाच ओळी लिहायचा: मॉनिटर, सीपीयू, कीबोर्ड, माउस, यूपीएस. बिलावर सीपीयू म्हणून शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, सीपीयू, रजिस्टरला सीपीयू म्हणून ऑडिटला सीपीयू. एकदा डेडस्टॉकला चढलेली वस्तू आणि तिचं नाव, दोन्ही सहजी उतरत नाही हे ज्याने शाळेत नोकरी केली त्याला सांगायला नको.

२००६ च्या आसपासची गोष्ट, एका संस्थेत मी पार्टटाइम शिकवायचो. एक मशीन वीज पडून गेलं, कमिटीने ठराव केला 'सीपीयू खरेदी, १ नग' आणि तीन कोटेशन मागवले. दोन आले दहा हजाराच्या आगेमागे, तिसरं तीन हजारांचं. कमिटी खूश, सगळ्यात कमी दराचं मंजूर. आठ दिवसांनी माणूस आला तो हातात मिठाईच्या पुड्याएवढं खोकं घेऊन. उघडलं तर वर पंखा, आणि त्याच्याखाली प्लास्टिकच्या कप्प्यात क्रीमच्या बिस्किटाएवढी चौकोनी चिप. शिपाई म्हणाला, 'बाकीचा सीपीयू मागून येतोय का?' दुकानदार म्हणाला, तुम्ही सीपीयू मागितला, हा सीपीयू. संस्थेचं म्हणणं, सगळं जग ज्याला सीपीयू म्हणतं तो द्या. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि मला मध्ये बोलावलं पंच म्हणून. मी पुस्तक दाखवलं तर संस्था हरत होती, चिकटपट्टी दाखवली तर दुकानदार. शेवटी चहा झाला आणि चिप परत गेली. माझं मत विचाराल तर त्या दुकानदाराला चांगलं माहीत होतं काय मागितलंय ते, कमी दर लावून ऑर्डर घ्यायची म्हणून त्याला अचानक पुस्तकी अर्थ आठवला.

मेमरीचा घोळ याच्या मानाने सोपा, कारण तो लोडशेडिंगने सोडवला. रॅम आणि हार्ड डिस्क दोन्हीला मेमरी म्हणतात, एक तात्पुरती एक कायमची, हे फळ्यावर किती शिकवलं तरी डोक्यात शिरायचं नाही. मग दुपारी लाइट जायची, यूपीएसची बॅटरी आधीच बसलेली, दोन पानं टाइप केलेला अर्ज गायब, आणि मागच्या बाकावरून आवाज यायचा, 'बठ्ठं उडी गयं भो!' तिथे रॅम समजायची. त्या दिवसापासून तो पोरगा दर दोन ओळींना सेव्ह मारायचा. अधिकृत मराठीत सेव्हला 'जतन करा' आहे, शब्द चांगला आहे, पण जतन म्हणजे आजीचं लुगडं ट्रंकेत ठेवणं, दर दोन ओळींना कोणी जतन करत नाही, सेव्ह मारतात. मारणे हे क्रियापद इथे एकूणच जोरात चाललं: फॉरमॅट मारला, सॉफ्टवेअर मारलं, नंतर रिचार्ज मारला.

रॅम हातात धरून बघायची तर रिपेअरिंगच्या दुकानात. जळगावला गोलाणी मार्केटात यावलकडचे एक काका मोटारसायकलवर डबा चादरीत गुंडाळून घेऊन आले होते, पोराने मागे बसून तो मांडीवर बाळासारखा धरलेला. 'दादा, डबा बंद पडी गया.' चालू केला की नुसता लांब लांब बीप. दुकानातल्या पोराने बाजूचा पत्रा काढला, आतली धूळ ब्लोअरने उडवली, रॅमची पट्टी दोन्ही बाजूच्या खिट्ट्या दाबून उपटली, आणि खिशातून शाळेचं खोडरबर काढून तिच्या सोनेरी दातांवर घासलं, चार घासे इकडून, चार तिकडून, फुंकर मारली, परत बसवली. एकच छोटा बीप आणि विंडोजचं चित्र. काकांनी पन्नास रुपये दिले आणि विचारलं, 'मेमरी पुसली, मग आतलं पुसलं गेलं का?' हा प्रश्न कुठल्याही पुस्तकातल्या स्वाध्यायापेक्षा चांगला आहे. नाही काका, ती मेमरी वेगळी.

पुढे मोबाइल आले आणि सुटलेला गुंता परत झाला. मेमरी म्हणजे आधी ते नखाएवढं कार्ड, ज्याच्यात दुकानदार अहिराणी गाणी भरून द्यायचा, मग मेमरी म्हणजे फोनची जागा, 'मेमरी फुल दाखवतंय'. आणि आता जाहिरातीत ८ जीबी अधिक ८ जीबी रॅम असं लिहितात, त्यातली दुसरी ८ ही साठवणीच्या जागेतूनच उसनी घेतलेली असते, म्हणजे जो फरक लोडशेडिंगने शिकवला तो कंपन्यांनी मिटवून टाकला. गिऱ्हाईक सोळा म्हणून घेऊन जातं.

फॉन्टबद्दल एवढंच, की 'युनिकोड फॉन्टमध्ये पाठवा' असं जे प्रत्येक ऑफिस म्हणतं तेही सीपीयूसारखंच. युनिकोड म्हणजे फॉन्ट नाही, कुठल्या अक्षराला कुठला नंबर ते ठरवणारी यादी आहे, १९९१ ला पहिल्यांदा आली आणि देवनागरीची त्यातली मांडणी आपल्याकडच्या आधीच्या इस्की नावाच्या तशाच यादीवरून घेतलेली. पण विंडोज २००० आणि एक्सपीमध्ये ती वापरायला मंगल हा फॉन्ट मिळाला, त्याआधी प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा आणि एकातलं दुसऱ्यात उघडलं की नुसत्या किड्या-मुंग्या, त्यामुळे लोकांनी सरळ हिशेब केला, हा फॉन्ट टाकला की मराठी दिसतं, म्हणजे हाच युनिकोड.

सीपीयूवर परत येतो, कारण तो विषय अजून मिटलेला नाही. आता शाळांत ऑल-इन-वन मशिनं येतायत, सगळं मॉनिटरच्या पाठीतच, टेबलाखाली डबाच नाही. ओळखीच्या एका शाळेत अशी दहा आली, क्लार्कने बिलाप्रमाणे नोंद घेतली, ऑडिटला शेरा आला: मॉनिटर १०, कीबोर्ड १०, माउस १०, सीपीयू निरंक, खुलासा करावा. क्लार्कने खुलाशात लिहिलं, 'सीपीयू १० नग मॉनिटरच्या आत आहेत, सुस्थितीत.' शेरा काढून टाकला गेला.