ब्रुकलिन पुलाच्या केबलमधली खोटी तार

न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरवरचा ब्रुकलिन पूल 1883 साली खुला झाला. दोन दगडी मनोऱ्यांमधलं अंतर सुमारे 486 मीटर. त्याआधीच्या मोठ्या झुलत्या पुलांच्या केबल लोखंडी तारेच्या असत. इथे पहिल्यांदाच जस्ताचा मुलामा दिलेली पोलादी तार वापरली गेली. पुलाचा मुख्य भार चार केबलवर आहे आणि प्रत्येक केबल जवळपास 40 सेंटिमीटर जाड आहे.

एवढी जड केबल कारखान्यात बनवून आणणं अशक्य, म्हणून ती नदीवरच तयार केली. फिरतं चाक तार ओढत पलीकडच्या काठावर नेई. तिथे ती घोड्याच्या नालेसारख्या लोखंडी तुकड्यावरून वळवून परत आणायची. भेंडोळं संपलं की पुढच्या तारेचं टोक आटे पाडलेल्या पोलादी जोडनळीने जोडायचं. प्रत्येक तारेचा झोळ एका मार्गदर्शक तारेशी जुळवून घ्यावा लागे. उन्हाने तार लांबते. झोळ चुकला तर काही तारा ताणाखाली येतात आणि बाकीच्या नुसत्याच लोंबतात. अशा 278 तारांचा एक पेड आणि 19 पेडांची एक केबल. शेवटी सगळे पेड दाबून गोल करायचे आणि वरून मऊ तार गुंडाळायची.

जुलै 1878 मध्ये घोटाळा उघड झाला. जे. लॉइड हेग या पुरवठादाराची तार कारखान्यात ताणून तपासली जाई, चांगल्या भेंडोळ्यांना प्रमाणपत्र मिळे. पण गाडी पुलाकडे निघाली की वाटेत एका इमारतीत माल बदलला जाई. नाकारलेली तार पुलावर जाई आणि चांगली भेंडोळी पुन्हा तपासणीला येत. ठिसूळ तार पेडात बसून गेल्यावर ती उपसून काढणं शक्यच नव्हतं.

मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग आजारपणामुळे घरूनच काम पाहत होते. त्यांनी हिशेब मांडला: केबल गरजेच्या सहापट मजबूत धरली होती, खोट्या तारेसकटही ती निदान पाचपट भरते. तेवढ्यावर ते थांबले नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक केबलमध्ये सुमारे 150 चांगल्या तारा वाढवून घेतल्या, त्याही हेगच्या खर्चाने. मूळ आराखड्यातल्या 5,282 तारा अशा 5,400 च्या वर गेल्या. खोटी तार आजही त्याच केबलमध्ये आहे.