वायरलेस संच बदलण्यापूर्वी: चॅनल अरुंद का झाले आणि आवाज कुठे अडतो

पोलीस, अग्निशमन किंवा रुग्णवाहिकेच्या कंट्रोल रूमसाठी संच घेताना बहुतेक जण आधी वॉट विचारतात. आम्ही आधी चॅनलची रुंदी, म्हणजे एका चॅनलला मिळणारी फ्रिक्वेन्सीची पट्टी किती मोठी ते विचारतो, कारण बहुतेक तक्रारी तिथेच सुरू होतात.

सुरुवातीच्या काळात गस्तीच्या गाडीला नुसते ऐकू यायचे. डेट्रॉईट पोलिसांनी 1928 मध्ये नियमित संदेश सुरू केले, पण उत्तर द्यायला शिपायाला टेलिफोन गाठावा लागे. (त्याआधीच्या प्रयोगात केंद्राचा परवाना करमणुकीचा होता, म्हणून मधूनमधून संगीतही वाजवावे लागे!) गाडीतून उत्तर देण्याची सोय 1933 मध्ये न्यू जर्सीतल्या बेयॉन शहरात झाली. 1940 मध्ये कनेक्टिकट राज्य पोलिसांनी एफएम आणले आणि इंजिनच्या ठिणग्यांची खरखर बरीच कमी झाली.

पुढे प्रश्न उरला तो गर्दीचा. 30 ते 50 मेगाहर्ट्झचा पट्टा भरला, शिवाय तिथे आयनमंडलावरून परतून शेकडो किलोमीटरवरचे परके आवाज घुसत. मग यंत्रणा 150, 450 आणि 800 मेगाहर्ट्झकडे सरकल्या. अँटेनाही आखूड झाला: पाव तरंगलांबी 150 ला सुमारे 50 सेंटिमीटर, 450 ला 17. तेही पुरेना, तेव्हा चॅनलच चिरले. अमेरिकेत 1 जानेवारी 2013 पासून 150–174 आणि 421–470 मेगाहर्ट्झमध्ये बहुतेक सर्व परवानाधारकांना 25 ऐवजी 12.5 किलोहर्ट्झवर यावे लागले.

खरी गडबड होते ती जुने-नवे संच एकत्र वापरल्यावर. रुंद चॅनलवर डेव्हिएशन, म्हणजे आवाजाबरोबर फ्रिक्वेन्सी मागेपुढे सरकते ते अंतर, जास्तीत जास्त 5 किलोहर्ट्झ, अरुंदवर 2.5. त्यामुळे अरुंद संचाचा आवाज रुंद संचावर निम्माच येतो. लोक आवाजाची कळ पिळतात आणि बॅटरीला दोष देतात. उलट दिशेने, रुंद संचावरून कोणी जोरात बोलले की अरुंद फिल्टर कडा कापतो आणि शब्द फाटतात. सबटोन, म्हणजे 67 ते 254 हर्ट्झमधला जो हलका, खालच्या पट्टीतला सूर रिपीटर (संदेश पकडून जोरात पुढे पाठवणारा मधला संच) उघडतो, तोही या फेरात कमजोर पडतो आणि रिपीटर कधी उघडतो, कधी नाही. म्हणून रिपीटर, बेस (कंट्रोल रूममधला संच) आणि सगळे हँडसेट एकाच दिवशी प्रोग्रॅम करून घ्या. 'उरलेले दहा पुढच्या आठवड्यात' हे चालत नाही.

ट्रंकिंगमध्ये, म्हणजे थोडे चॅनल सगळ्यांनी वाटून वापरण्याच्या पद्धतीत, चॅनल कोणाच्या मालकीचा नसतो. बटण दाबले की कंट्रोल चॅनल मोकळा चॅनल शोधून देतो. तेवढ्यात बोललात तर पहिला शब्द, म्हणजे बहुतेकदा ठिकाणाचे नाव, गळतो. बटण दाबा, परवानगीची 'टिट्' ऐका, मग बोला. बोलून झाल्यावरही क्षणभर धरून ठेवा: बोट लवकर उचलले तर 'आत जाऊ नका'चे 'आत जाऊ' होते.

डिजिटलमध्ये जागा आणखी वाचते. पी25 या डिजिटल वायरलेस पद्धतीच्या फेज 1 मध्ये 12.5 किलोहर्ट्झवर एक संभाषण, फेज 2 मध्ये दोन. टेट्रा या दुसऱ्या पद्धतीत 25 किलोहर्ट्झवर चार. पण अॅनालॉगची खरखर आधी इशारा देते, डिजिटल मात्र स्वच्छ चालता चालता एकदम तुटते. म्हणून चाचणी मैदानात नव्हे, जिन्यात, तळघरात आणि लिफ्टमध्ये घ्या. दोन्ही दिशांनी एक ते दहा आकडे म्हणा. रिपीटर ऐकू येतो पण आपला आवाज पोचत नाही, असे वारंवार घडते: हँडसेट जेमतेम 5 वॉटचा आणि त्याचा अँटेना कमरेला, अंगाच्या आडोशाला.

वॉट वाढवण्याआधी केबल पाहा. 450 मेगाहर्ट्झवर साधी आरजी-58 केबल 10 मीटरमध्ये निम्म्याहून जास्त शक्ती खाते. कनेक्टरमध्ये पाणी गेले तर हिशेबच नको. रबरी टेप खालून वर गुंडाळा, म्हणजे थर कौलांसारखे बसतात आणि पाणी ओघळून जाते. केबल इमारतीत शिरण्याआधी तिला खाली झोका द्या. एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते याचे माप, 1.5 च्या आत हवा. 2 च्या वर गेला तर दोष शोधल्याशिवाय संच वापरू नका.

मोबाइल ब्रॉडबँडवर नकाशे आणि चित्रे उत्तम जातात, पण टॉवर बंद पडला की फोन मुका होतो. म्हणून प्रत्येक हँडसेटमध्ये रिपीटरशिवाय थेट बोलण्याचा एक परवानाधारक चॅनल ठेवा आणि तो सगळ्यांच्या नॉबवर एकाच जागी, शेवटच्या खाचेत ठेवा: हातमोजे घालून, धुरातही तो सापडतो.