तृतीय मस्तिष्कविवर-छिद्रण

तृतीय मस्तिष्कविवर-छिद्रण : जलशीर्ष (मेंदूतील विवरे म्हणजे पोकळ्या द्रव साचून फुगण्याचा विकार; हायड्रोसेफॅलस) या विकारावर शरीरात कायमची नळी न बसवता करण्यात येणारी शस्त्रक्रिया. रुग्णालयांत ती ‘ईटीव्ही’ (एंडोस्कोपिक थर्ड व्हेंट्रिक्युलॉस्टोमी) या लघुनावानेच ओळखली जाते. प्रौढ माणसाच्या मेंदूत रोज सु. ५०० मिलि. मस्तिष्कमेरुद्रव (मेंदू व मेरुरज्जूभोवतीचा पाण्यासारखा द्रव) तयार होतो; एका वेळी मात्र तो सु. १५० मिलि.च असतो. निचऱ्याची वाट, विशेषतः तिसऱ्या व चौथ्या विवरांमधील अरुंद नाली, अडली की वरची विवरे फुगतात. नेहमीच्या उपचारात शंट म्हणजे शरीरात कायमची बसवलेली नळी हे पाणी बहुधा पोटात नेऊन सोडते. छिद्रणात तिसऱ्या विवराच्या तळालाच भोक पाडून त्याला मेंदूखालच्या पोकळीत वाट करून देतात.

या शस्त्रक्रियेचे जनकत्व वादग्रस्त आहे. शिकागोचे मूत्ररोगशल्यज्ञ व्हिक्टर लेस्पिनास यांनी १९१० च्या सुमारास मूत्राशय तपासण्याची दुर्बीण दोन अर्भकांच्या मेंदूत घातली, म्हणून काहीजण त्यांना पहिला मान देतात. परंतु त्यांनी तळ छेदला नाही, तर द्रव स्रवणारी रक्तवाहिन्यांची झालर (विवरजालिका) जाळली. एक अर्भक शस्त्रक्रियेतच दगावले, दुसरे सु. पाच वर्षे जगले. अमेरिकी मेंदूशल्यज्ञ वॉल्टर डँडी यांनी १९२२ मध्ये तळ छेदला, पण कवटी उघडून. त्यात एका दृष्टितंत्रिकेचा बळी द्यावा लागे. दुर्बिणीतून तळाला भोक पाडले ते बॉस्टनचे शल्यज्ञ विल्यम मिक्स्टर यांनी, १९२३ मध्ये. आजच्या अर्थाने अग्रमान त्यांनाच देणे सयुक्तिक वाटते. मात्र दुर्बिणीतला उजेड अपुरा होता, आणि १९५० च्या दशकात झडपेचे शंट आल्यावर ही पद्धत मागे पडली. ब्रिटिश भौतिकीज्ञ हॅरल्ड हॉपकिन्स यांच्या दंडभिंगांनी (दुर्बिणीतील दांड्याच्या आकाराच्या भिंगांनी) प्रतिमा स्वच्छ झाल्यावर तिचे हळूहळू पुनरुज्जीवन झाले.

कवटीला मध्यरेषेपासून सु. ३ सेंमी. बाजूला छिद्र घेऊन दुर्बीण पार्श्वविवरातून तिसऱ्यात उतरवतात. समोर दोन पांढरे उंचवटे दिसतात. त्यांच्या पुढचा तळ जुनाट जलशीर्षात ताणून इतका पातळ झालेला असतो, की खालची धमनी त्यातून धडधडताना दिसते. तिला चुकवून भोक पाडतात व लहान फुग्याने ते सु. ५ मिमी. रुंद करतात. भोवतीचा पडदा नाडीच्या तालावर फडफडू लागला की वाट मोकळी झाल्याचे समजतात. धमनीला इजा झाली तर मात्र रक्तस्राव प्राणघातक ठरू शकतो.

नालीच अरुंद असलेल्या मोठ्या मुलांत व प्रौढांत यश चांगले मिळते; अर्भकांत कमी. युगांडातील म्बाले येथे अमेरिकी मेंदूशल्यज्ञ बेंजामिन वॉर्फ यांनी छिद्रणाला विवरजालिकेच्या दहनाची जोड दिली, म्हणजे मिक्स्टर व लेस्पिनास यांचे मार्ग एकत्र आणले. त्यांच्या २००५ च्या अहवालात एक वर्षाखालील बालकांत केवळ छिद्रणाचे यश ४७%, तर दोहोंचे मिळून ६६% होते. पुढे तेथेच १०० अर्भकांवर झालेल्या यादृच्छिक चाचणीत (उपचार चिठ्ठी टाकल्याप्रमाणे वाटून केलेल्या तुलनेत; २०१७) वर्षभरानंतरच्या बौद्धिक विकासात ही जोडपद्धत व शंट यांत लक्षणीय फरक आढळला नाही.

भारतात क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथानंतरचे (क्षयामुळे मेंदूच्या आवरणांना येणाऱ्या सुजेनंतरचे) जलशीर्ष बरेच आढळते. त्यात तळ जाड व चिकट झालेला असल्याने छिद्रण अवघड जाते.

छिद्र कधीकधी वर्षांनंतरही बुजते. त्यामुळे शस्त्रक्रिया यशस्वी झालेल्या रुग्णालाही डोकेदुखी, उलटी वा गुंगी आल्यास विनाविलंब तपासावे लागते.